विस्तवाची वाट

उंद्री
६ फेब्रुवारी १९६३

तिसऱ्या घावानंतर मी कडूबा गवंड्याचा हात धरला. कुलूप शाबूत आहे. कोयंड्याला एक पोचा आला आहे. तो माझ्या नावावर.

“काऊन बाई?” कडूबा म्हणाला. “आता तं निंगतच होतं.”

निघत होतं म्हणूनच थांबवलं. तो हातोडा मांडीवर घेऊन तुझ्या ओट्यावर बसला आहे आणि मी माझ्या ओट्यावर हे लिहीत आहे. मायना लिहिलेला नाही. आठ वर्षांनी जावेला काय मायना लिहावा ते सुचलं नाही. नुसतं अंबू म्हणते. चालवून घे.

घर विकायचं आहे. गेल्या पावसाळ्यात मधली तुळई वाकली. दोघा भावांनी भिंत घालून घराचे दोन भाग केले, पण तुळई एकच राहिली. ती माझ्या चुलीवरून निघते, भिंतीवरून जाते आणि तुझ्या चुलीपलीकडे टेकते. अर्धी तुळई बदलता येत नाही. सुतारानं हे मला दोनदा समजावलं. शिवाय मला आता एवढं घर लागत नाही. मळ्यात दोन खोल्या बांधून घेतल्या आहेत. समोर वांगी, मेथी, कोथिंबीर. सकाळी दार उघडलं की वाफे दिसतात. मला तिथे बरं वाटतं.

हे गेले त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. दहाव्याला मोतीराम भाऊजी तुझ्या माहेरून, बीबीहून आले होते. तू आली नाहीस. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

गिऱ्हाईक पुंजाजी आणणार आहे. तोच पुंजाजी, जो बैल, घरं आणि सोयरिकी तिन्ही जमवतो आणि तिन्हीचं कौतुक एकाच तोंडानं करतो. मी त्याला आधी माझा अर्धाच भाग विकायला सांगितला होता. तो म्हणाला, “बाई, अर्धं घर म्हंजे अर्धी भाकर. ते भुकेल्यालेच खपते, अन् भुकेल्याजवळ पैसा नसते.” मग त्यानं बेत सांगितला. एकेक गिऱ्हाईक आणलं तर ते खोडी काढत बसतं. होळीच्या आधीच्या बाजारी, चार मार्चला, दिवसभर घराची दोन्ही दारं उघडी ठेवायची. ज्याला पाहायचं त्यानं यावं. “सगळे एकाच दिशी आले की घराकडं कमी अन् एकमेकाच्या तोंडाकडं जास्त पाह्यतात.” वर त्याची एक अट आहे. दोन्ही चुली पेटत्या हव्यात. “थंड्या चुलीचं घर बायका घेऊ देत नाईत. घर पाह्यते मानूस, पसंत करते बाई.”

वाटणीबद्दल काही लिहीत नाही. थोरल्यानं वाटे करावे, धाकट्यानं आधी उचलावा, अशी रीत आहे आणि तसंच झालं. भाऊजींनी विहिरीचा वाटा उचलला. आमच्याकडे सासूबाईंची चूल आली. त्यात माझं काही नव्हतं.

विक्रीला सही भाऊजींची लागेल. ती पुंजाजी येऊन घेऊन जाईल. पण किल्ली तुझ्याकडे आहे. घर एकदा दुसऱ्याचं झालं की तुझ्या दाराशी उभं राहून तुझ्याकडे काही मागण्याची जागा मला उरणार नाही. म्हणून आत्ताच मागते. किल्ली पाठव.

कडूबा विचारतो आहे, घरी जाऊ का. जा म्हटलं.

सत्यभामा


उंद्री
१४ फेब्रुवारी १९६३

किल्ली पोचली. मिरच्या घेऊन येणाऱ्या माणसानं ती आणली. हिरव्या खणाच्या चिंधीत बांधलेली, वर दोन गाठी. चिठ्ठी नव्हती. मी चिंधी उलटी करूनही पाहिली.

कुलूप गोडेतेल सोडल्यावर उघडलं. मी एकटीच आत गेले. कडूबाला नंतर बोलावलं.

काय काय आहे ते सांगते. पाळण्याची कडी जागेवर आहे. शेवंता तुझ्या मांडीवर होती तेव्हा तू निघालीस. आता आठ वर्षांची असेल. आढ्याच्या खाचेत चिमण्यांचं घरटं आहे. ते कडूबाला काढू दिलं नाही, पिलं आहेत. कोनाड्यात फणी राहिली आहे. चूल तू बांधलीस ती ठेंगणी आहे, तुझ्या उंचीची. मी समोर बसून पाहिलं, माझे गुडघे तिच्याहून वर येतात. चुलीत राख तशीच आहे. चुलीशेजारच्या भिंतीकडे मी बराच वेळ पाहिलं. त्याविषयी मग लिहीन.

काम सुरू आहे. धाब्याच्या छतावर नवी पांढरी माती घातली. ज्या खाटेवर हे झोपत तिच्यावर चार हंडे उकळतं पाणी ओतलं. ढेकूण गेले असं म्हणायचं. भिंतींना चुना लावला, त्यात चिमूटभर नीळ. तुझ्या बाजूला चुना जास्त लागला. जमीन मी स्वतः सारवली, तुझ्या बाजूचीही. सारवताना लक्षात आलं, तुझ्या घरात मी कधी वाकले नव्हते.

या सगळ्याला पाणी लागलं आणि ते तुझ्या विहिरीचं. हे लिहिलं पाहिजे. वाटणी झाल्यावर परसाच्या कवाडीला तू कडी लावली नाहीस. मी पहिल्या दिवशी घागर घेऊन कवाडीशी उभी राहिले, तू रहाटाचा दोर माझ्याकडे सरकवलास. नंतर पुढच्या दाराला कुलूप घालून गेलीस, तेव्हाही कवाडी उघडीच ठेवलीस. आठ वर्षं मी तुझं पाणी पिते. कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं काय, सगळ्या गल्लीला दिसतं.

शेजारची झुंबरबाई रोज येऊन उभी राहते. काल म्हणाली, “एवढी रंगरंगोटी! घर दाखवाचं हाये का पोरगी?”

“घरच,” म्हटलं.

“मंग बरं हाये बाप्पा. पोरीले दाखवून हुंडा द्या लागते, घराले उलटा भेटते.”

पुंजाजीच्या सूचना संपत नाहीत. वाकलेल्या तुळईखाली चांदवा बांधा म्हणाला, म्हणजे वर कुणी पाहणार नाही. मी नाही म्हटलं. तुळई दिसली पाहिजे. कणगीत खाली कडबा आणि वर ज्वारी भरा म्हणाला. त्यालाही नाही म्हटलं. मग गोठ्यात एक पांढरी गाय तरी बांधू द्या म्हणाला, रिकामा गोठा पाहून माणसाला घरधनी बुडाल्यासारखं वाटतं. गायीला हो म्हटलं. गाय खोटी नाही, फक्त दुसऱ्याची आहे.

उंद्रीत मला हल्ली कामाचा कंटाळा येत नाही. आधी येत होता.

सत्यभामा


उंद्री
२३ फेब्रुवारी १९६३

कडूबा आज मधल्या भिंतीतलं भोक बुजवायला आला. गारा कालवून आणला होता. मी त्याला थांबवलं. तो म्हणाला, “बाई, तुमी मले बोलावता अन् थांबवता. मजुरी कशाची देता, थांबाची का?”

दोन चुलींच्या मधे, जमिनीपासून हातभर वर, मूठ जाईल एवढं ते भोक. मी त्याला विचारलं, भिंत तूच घातलीस, मग हे ठेवलंस कशाला? त्या वेळी तो नवा गवंडी होता.

“माह्या मायनं सांगतलं होतं,” तो म्हणाला. “दोन चुलीच्या मधात भिंत घालशीन तं इस्तवाले वाट ठेवजो. मानसं बोलत नाईत तं नाई बोलू दे.”

तो गेल्यावर मी हे लिहिते आहे. आंतर्देशीय पत्राला जागा थोडी असते म्हणून दोन पत्रं आणून ठेवली आहेत.

किल्ली आली त्या दिवशी तुझ्या बाजूनं भिंतीकडे पाहिलं असं लिहिलं होतं. तुझ्या बाजूला वीट नाही. मी इतकी वर्षं धरून चालले होते की भोक दोन विटांनी बंद आहे, एक तुझी आणि एक माझी. ते एकाच विटेनं बंद होतं.

ती वीट मी कधी लावली ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते. मी ते आजवर कुणाला, यांनासुद्धा, सांगितलेलं नाही आणि तुला तर ते सांगायची गरजच नव्हती.

श्रावण होता. चार दिवस झड लागली होती. शेवंता पंधरा दिवसांची. तुझ्या घरातल्या आगपेट्या सादळल्या असणार. तू भोकाशी तोंड आणून विचारलंस, “इस्तव हाये का हो बाई?” मी भाकरी थापत होते. तव्याखाली लाल निखारे होते. मी म्हटलं, “माझीच चूल विझली आहे.”

वारा इकडून तिकडे होता. माझ्या चुलीचा धूर भोकातून तुझ्याकडे जात होता. मला तो जाताना दिसत होता. तू म्हणालीस, “बरं.” नंतर तुझ्या दाराची कडी वाजली. पावसात, डोक्यावर पोतं घेऊन, हातात खापर धरून तू झुंबरबाईकडे विस्तव मागायला गेलीस. बाळंतीण. मी खिडकीतून पाहिलं. तू परत यायच्या आत वीट लावली. तुझ्यावर रागावून लावली नाही. तू पुन्हा विचारशील आणि मला पुन्हा तेच सांगावं लागेल म्हणून लावली.

पोळा झाला आणि तू भाऊजींना घेऊन माहेरच्या गावी गेलीस.

लोक म्हणतात, अमक्या दोघींतून विस्तव जात नाही. कुठलंही भांडण झालं की म्हणतात. म्हणताना कुणाला विस्तव आठवत नाही. आपल्याबद्दल म्हटलं की मला निखाऱ्यांचा रंग आठवतो.

कारण विचारशील. त्या सकाळी कुणीतरी येऊन सांगितलं होतं की मोतीराम भाऊजी चावडीवर म्हणाले, वहिनीनं डोकं चालवून चूल आपल्याकडे ठेवली. मला झोंबलं. खोटं असतं तर एवढं झोंबलं नसतं. पहिल्या पत्रात लिहिलं की वाटणीत माझं काही नव्हतं. खडूची रेघ यांनी ओढली. ती कुठून ओढायची ते आदल्या दिवशी मी सांगितलं. तू गरोदर होतीस, भाऊजी विहीरच उचलतील हे मला ठाऊक होतं. आणि सासूबाईंच्या चुलीपुढची जागा मला हवी होती.

तू पंधरा वर्षांची या घरात आलीस, तेव्हा त्याच चुलीची राख पाटावर पसरून मी तुला अक्षरं शिकवली. बोटानं गिरवायचीस. दुपार झाली की विचारायचीस, “बाई, आज कोनतं?” ही रेघ सांगताना मला ते आठवलं नाही. नंतर आठवलं.

माझ्या बाजूची वीट आज काढली. कोपऱ्यात ठेवली आहे. भोकातून तुझी सारवलेली जमीन दिसते आणि चिमण्या ऐकू येतात.

पत्राचं उत्तर मागत नाही. चार तारखेला तू आलीस तर तुझी चूल तू पेटव. नाही आलीस तर, पुंजाजीची अट आहे म्हणून, माझ्या चुलीतला विस्तव नेऊन मी पेटवीन. तेवढं तरी पलीकडे जाईल.

सत्यभामा


उंद्री
२ मार्च १९६३

तुझं कार्ड आज दुपारी आलं. टपालवाल्यानं ते वाचलेलं होतं, त्यामुळे देताना माझ्याकडे पाहत होता.

‘बाईस नमस्कार. येणाऱ्यांना पाणी विहिरीचं द्यावं. हंड्यातलं देऊ नये. माझी चूल पेटवू नये. अंबू.’

‘णी’ तू अजून तशीच काढतेस, वेलांटी मागे ओढून, राखेत बोट सरकल्यासारखी.

पेटवणार नाही.

पुंजाजीला सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. “बाई, म्या चार गावाले सांगून ठेवलं. बाजारात दवंडी देनार हाये. एका चुलीत जाळ अन् एकीत कोळ्याचं जाळं, अस्सं घर दाखवू का मी?”

“कोळ्याचं जाळं नाही. मी झाडलं आहे.”

“मंग दोन काड्या लावाले काय जाते?”

“तिची चूल आहे.”

“घर इकून राह्यल्या का चूल जपून राह्यल्या?”

तो म्हणाला की गिऱ्हाईक परत गेलं तर पुढच्या पावसाळ्यात तुळई खाली येईल, मग घर नाही, माती विकावी लागेल. हे बरोबर आहे. तुळई मीही रोज पाहते. पण एकदा मी तुला नाही म्हटलं होतं. आता तू मला नाही म्हटलं आहेस, आणि मला ते राखता येतंय. त्याचं मला बरं वाटतं आहे, हे पुंजाजीला समजावता येणार नाही.

घर छान दिसतं आहे. संध्याकाळी चुन्यावर ऊन पडलं की नीळ थोडी जास्त झाल्यासारखी वाटते, पण छान दिसतं. दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं. पांढरी गाय आली आणि आल्या आल्या तिनं तोरण खाल्लं. दुसरं बांधलं आहे, उंच.

विहीर उपसून घेतली. तळाशी तीन घागरी, एक पोहरा आणि सासूबाईंचा पितळी गडू निघाला. तो हरवला तेव्हा तुझ्यावर आळ आला होता. मी त्या वेळी गप्प बसले होते. गडू चिंचेनं घासून तुझ्या कोनाड्यात ठेवला आहे, फणीजवळ.

सत्यभामा


उंद्री
४ मार्च १९६३, संध्याकाळ

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू भिंतीपलीकडे आहेस, मला तुझ्या बांगड्या ऐकू येतात. तरी लिहिते. तू दुपारी आलीस ती तिकडेच राहिलीस, इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही. समोर बसून सांगायला मला अजून जमत नाही. लिहून जमतं.

सकाळी बाजारात दवंडी झाली. “सत्यभामाबाईचं घर पाहाले खुलं हाये हो! विहिरीसकट, गोठ्यासकट!” मला लाज वाटली. सगळ्यांत आधी झुंबरबाई आली. तीस वर्षं शेजारी राहते. “मीबी गिऱ्हाईकच,” म्हणाली आणि कणगीत हात घालून आली, खाट दाबून पाहिली, परसात जाऊन आली. शेवटी म्हणाली, “घर चांगलं हाये. शेजार कसा हाये इकडचा?” मी म्हटलं, “शेजार फार बोलतो.” ती खूश झाली.

मग शाळेचे हेडमास्तर आले, छत्री आत आणावी की बाहेर ठेवावी याचा विचार करत. त्यांनी तुळई पाहिली आणि ते निघून गेले. मग एक तेलाचे व्यापारी, बायको आणि बहिणीसह. त्यांना माझी बाजू पसंत पडली. तुझ्या बाजूला गेल्यावर बायको चुलीपुढे उभी राहिली.

“ही चूल थंडी काऊन हो?”

पुंजाजी म्हणाला, “आत्ताच इझवली.”

तिनं वाकून हात लावला. मी म्हटलं, “विझवलेली नाही. हिची मालकीण बीबीला असते. ती पेटवील तेव्हा पेटेल.”

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेलवाले म्हणाले, कळवतो. पुंजाजीनं त्यांना वेशीपर्यंत पोचवलं आणि परत येऊन माझ्याकडे न पाहता पाणी प्यायला. पाणी विहिरीचंच होतं, सगळ्यांना.

दुपारी अमडापूरच्या गोजरबाई आल्या. मुलगा, दोन सुना आणि हातात काठी. त्यांनी काही विचारलं नाही. आधी पाणी मागितलं, तोंडात घोळवलं, गिळलं. मग माझ्या चुलीशी येऊन बसल्या. मी चहाचं आधण ठेवलं होतं. त्यांनी काठीचं टोक भोकाकडे केलं.

“हे काय?”

“विस्तवाची वाट,” मी म्हटलं.

“चालू हाये का?”

मी आधणात चहापत्ती टाकली. तेवढ्यात ओट्यावर पुंजाजीचा आवाज आला. हे तुला माहीत आहे. तरी इकडून कसं ऐकू आलं ते सांगते. त्याला तू नवं गिऱ्हाईक वाटलीस. “या बाई, या. पाहा आरामानं. विहिरीचं पानी असं गोड हाये का...”

“मले ठाऊक हाये,” कुणीतरी म्हणालं.

मी आवाज ओळखला नाही. खरं सांगते. आठ वर्षांत तो जाड झाला आहे. झुंबरबाई बाहेरून ओरडली, “अवं, अंबू व्हय का तू? केवढी झाली वं!” तेव्हा मला कळलं. उठावं असं वाटलं आणि मी उठले नाही. गोजरबाई माझ्याकडे पाहत होत्या. चहा उतू गेला.

भिंतीपलीकडे तुझी पावलं आली. कोनाड्यापाशी थांबली. फणी उचलल्याचा आवाज आला नाही, गडू उचलल्याचा आला. पितळ भिंतीला लागलं. मग काटक्या मोडल्याचा आवाज. मी दोनदा निखारे सारखे केले. ते सारखेच होते.

मग तू भोकाशी तोंड आणलंस.

“इस्तव हाये का हो बाई?”

तेच शब्द, त्याच क्रमानं. तू मुद्दाम तसं विचारलंस की तुला दुसरं विचारता येत नाही, ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळायला हवं असंही नाही.

“आहे,” मी म्हटलं.

गवरीच्या तुकड्यावर तीन निखारे ठेवले आणि चिमट्यानं तुकडा भोकातून सरकवला. पलीकडे तुझा चिमटा माझ्या चिमट्याला लागला. तू फुंकर घातलीस. पहिला धूर इकडेच आला, सरळ माझ्या डोळ्यांत. डोळे पुसायला ते बरं झालं.

गोजरबाईंचा मुलगा तुझ्या बाजूनं फिरून आला आणि म्हणाला, “आई, तुळई नवी टाकू. अन् ही भिंत पाडून टाकू, घर मोकळं होईन.”

गोजरबाई काठी टेकत उठल्या. “दोन सुना हायेत मले. भिंत असू दे. भोक बुजवाचं नाई, बस.” सुना हसल्या, थोरली आधी, मग धाकटी तिच्याकडे पाहून.

त्यांनी दोन्ही चुलींपुढे एकेक सुपारी ठेवली आणि नारळ पुंजाजीच्या हातात दिला. पाडव्यानंतर ताबा. पुंजाजी तेव्हापासून गावाला सांगत फिरतो आहे की दोन्ही चुली पेटत्या ठेवायचं त्यानंच सुचवलं होतं. “मी तं पयलेच म्हटलं होतं बाईले!” म्हणू दे. गाय त्यानं परत नेली, जाताना ती दुसरं तोरणही खाऊन गेली.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. मळ्यात दोन खोल्या आहेत. चूल अजून घातलेली नाही. कडूबाला सांगितलं आहे, पाडव्याला ये. उंची कोणाच्या मापानं धरायची ते त्यानं विचारलं. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, “पुन्हा थांब?”

तू उद्या दुपारच्या मोटारीनं जाणार आहेस. शेवंताला गडू ने. तो तुझा आहे, निदान आळ तरी तुझा होता. पुढच्या खेपेला तिलाही घेऊन ये. मी तिला पाहिलं ते पंधरा दिवसांची असताना, आणि तेही भोकातून.

आता हे पत्र घडी करून भोकातून सरकवीन. तुझा दिवा अजून आहे.

सत्यभामा


५ मार्च, सकाळ

पत्र रात्री सरकवायचं राहून गेलं, म्हणून त्यातच लिहिते. लिहिण्याच्या नादात विस्तव राखेत पुरायचाही राहिला होता. सकाळी माझी चूल विझलेली होती. या वेळी खरोखर. मी भोकाशी बसून तुझ्याकडे विस्तव मागितला. तू दिलास.